न मानलेल्या कथांची अमानत

डब्लिन शहरातील ट्रिनिटी कॉलेजात बाराव्या शतकातील एक हस्तलिखित जपून ठेवलेले आहे. 'बुक ऑफ लेन्स्टर' या नावाने ते ओळखले जाते. त्यात 'टॉइन' नावाची एक लांबलचक युद्धकथा आहे. कॉनॉटची राणी मेव्ह एका बैलाच्या हव्यासापोटी अल्स्टरवर चाल करून जाते आणि कूखुलिन नावाचा एकटा तरुण तिची सारी फौज अडवून धरतो, अशी ती कथा. कथा संपते तेथे दोन नोंदी आहेत. पहिली नोंद आयरिश भाषेत आहे. जो ही कथा आहे तशी, फेरफार न करता जतन करील त्याला तीत दुवा दिली आहे. दुसरी नोंद लॅटिनमध्ये, म्हणजे चर्चच्या भाषेत आहे. तिचा आशय असा, की ही कथा लिहून काढणाऱ्याचा स्वतःचा तिच्यातील अनेक गोष्टींवर विश्वास नाही. काही त्याला कविकल्पना वाटतात आणि काही तर सरळ सैतानी.

एकाखाली एक अशा या दोन नोंदींविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ त्यांच्यापाशीच थांबलो. लेखनिक ख्रिस्ती होता. आपण लिहितो आहोत ते आपल्या धर्मात बसत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी त्याने शेकडो ओळी उतरवल्या आणि मग खाली प्रामाणिकपणे लिहिले, की हे मी मानत नाही. ज्या गोष्टीवर आपले ईमान नाही तिची अमानत सांभाळता येते काय? आणि सांभाळायची तर कशी? प्रश्न आयर्लंडच्या निमित्ताने पडला, पण तो तेवढ्यापुरता नाही. ज्यांचे पूर्वज कधी काळी निराळे काही मानत होते अशा सगळ्यांचाच तो आहे. म्हणजे आपलाही आहे.

केल्ट म्हणून ओळखले जाणारे लोक एके काळी युरोपच्या फार मोठ्या भागात पसरले होते. आज जिथे फ्रान्स आहे त्या गॉल देशात त्यांचे धर्मगुरू होते, त्यांना ड्रुइड म्हणत. गॉल जिंकणाऱ्या ज्युलियस सीझरने लिहून ठेवले आहे, की हे ड्रुइड आपली विद्या लेखणीने उतरवणे गैर मानत. सारे काही तोंडपाठ करत. पुढे रोमची सत्ता आली, रोमची भाषा आली, आणि पाठ करणारे संपले तसे पाठ केलेलेही संपले. गॉलच्या देवतांची नावे दगडांवर कोरलेली सापडतात, त्यांच्या कथा मात्र सापडत नाहीत. लुगुस नावाच्या देवतेवरून ल्यों शहराचे जुने नाव 'लुगदुनुम' पडले असे मानतात. पण गॉलमध्ये त्याच्याविषयी काय सांगितले जात होते हे कुणीच लिहून ठेवले नाही.

आयर्लंडमध्ये निराळे घडले. रोमच्या फौजांनी ते बेट कधी जिंकले नाही. पाचव्या शतकात सेंट पॅट्रिक आणि इतर धर्मोपदेशकांमुळे तेथे ख्रिस्ती धर्म रुजला, मठ उभे राहिले आणि मठांबरोबर लिपी आली. त्या मठांतील साधूंनी इंजील लिहिले, तशाच आपल्या आजोबा-पणजोबांच्या कथाही लिहिल्या. अशा कथांचे हाती असलेले सर्वांत जुने आयरिश हस्तलिखित इसवी सन ११०० च्या आसपास क्लॉनमॅकनॉइज येथील मठात तयार झाले. त्या हस्तलिखिताशी ज्याचे नाव जोडले जाते तो मेल मुरे ११०६ साली त्याच मठातील चर्चमध्ये लुटारूंच्या हातून मारला गेला. म्हणजे ज्यांनी या कथा वाचवल्या ते त्या मानणारे नव्हते. मानणाऱ्या गॉलच्या ड्रुइडांकडून त्या वाचल्या नाहीत. न मानणाऱ्या आयरिश साधूंकडून वाचल्या. हा योगायोग नसून यात काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हाला वाटते.

या साधूंच्या मनाला टोचणी नव्हती असे नाही. इसवी सन १२०० च्या सुमारास रचलेल्या एका आयरिश ग्रंथात फिन मॅकूलच्या टोळीतले काही म्हातारे वीर सेंट पॅट्रिकच्या काळापर्यंत जिवंत उरले आहेत, अशी कल्पना आहे. त्यांच्यातला कील्टे पॅट्रिकला डोंगर, झरे, लढाया यांच्या कथा सांगतो. पॅट्रिक रंगून ऐकतो आणि मग दचकतो. आपली इबादत यात बुडते आहे, हा गुन्हा तर नव्हे? तेव्हा त्याचे राखणदार दोन फरिश्ते येऊन त्याला सांगतात, की या कथा लिहून घे; पुढच्या लोकांना त्या ऐकून आनंद होईल. हा प्रसंग अर्थातच लिहिणाऱ्यांनी रचलेला आहे. पण तो का रचला, ते पाहावे. आपल्या हातून होते आहे ते बरोबर की चूक, या शंकेने त्यांना घेरले होते आणि त्यांनी ती शंका लपवली नाही.

याच परंपरेत फिनचा मुलगा उशीन याची कथा आहे. चिरतारुण्याच्या देशात तीन वर्षे राहून तो सफेद घोड्यावर बसून परत येतो, तेव्हा आयर्लंडमध्ये तीनशे वर्षे उलटून गेलेली असतात. घोड्यावरून पडून जमिनीला अंग लागताच तो जख्ख म्हातारा होतो. लोकगीतांतून पुढे त्याचा आणि पॅट्रिकचा वाद रंगवला गेला. उशीन विचारतो, की माझा बाप फिन, इतका दिलदार, इतका शूर, तो तुमच्या दोजखात कसा? हा प्रश्न साधा नाही. पैगाम पोहोचण्यापूर्वी जे मेले त्यांचे काय? आपल्याकडेही उलेमांनी अशा लोकांना 'अहले फतरत' असे नाव दिले आणि त्यांच्याविषयी सविस्तर चर्चा केली. ज्यांच्यापर्यंत रसूलचा पैगाम पोहोचलाच नाही त्यांना माजूर मानावे, असे त्यांच्यातील अनेकांचे मत आहे. फैसला अल्लाहचा. पण ज्या पूर्वजांचा फैसला आपल्या हाती नाही, त्यांच्या आठवणी पुसण्याचा हक्क तरी आपल्या हाती कुठून आला?

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळ्याच साधूंनी ही अमानत सारख्या इमानदारीने सांभाळली नाही. अकराव्या शतकात आयर्लंडच्या वसाहतींचा एक ग्रंथ तयार झाला. त्यात आयरिश लोकांचा वंश सरळ नूह अलैहिस्सलाम यांच्या घराण्याशी नेऊन भिडवला आहे. तुफानापूर्वी नूहची एक नात आयर्लंडला पोहोचते. पुढे फिरऔनची स्कोटा नावाची मुलगी या वंशाची आई होते. तिच्या मुलाला साप चावतो आणि मूसा अलैहिस्सलाम त्याला बरे करतात. जुन्या देवता होत्या, 'तुआहा दे दानन', त्यांना या ग्रंथात जादूटोणा जाणणारी एक जमात करून टाकले. लढाईत हरून ही मंडळी टेकड्यांच्या पोटात राहायला गेली, असे कथा सांगते. देवतांना माणूस केले आणि माणसांना खोटी वंशावळ दिली, म्हणजे मठाच्या दारात कुणी अडवणार नाही.

या साधूंना नावे ठेवणे सोपे आहे. बनावट कागदपत्रे करून का होईना, त्यांनी एका निराश्रिताला घरात घेतले. पण कागदपत्रे बनावट होती हेही खरे. कथेचा जीव वाचला, आणि तिचा खरा चेहरा ओळखायला आज अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या खपावे लागते आहे. 'बुक ऑफ लेन्स्टर'च्या लेखनिकाने याहून अवघड वाट धरली. त्याने मजकुराला आपल्या धर्माचा सदरा चढवला नाही आणि आपल्या धर्मालाही मजकुरासाठी वाकवले नाही. मजकूर वर राहिला, मत खाली राहिले. वाचणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे दिसते.

आपल्याला ही वाट परकी नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात कोणकोणत्या मूर्ती पूजल्या जात, कुठल्या कबिल्याची कोणती, याची माहिती आज आपल्याला ज्या ग्रंथातून मिळते तो 'किताबुल अस्नाम' कुफ्याच्या हिशाम इब्नुल कल्बी या मुसलमान विद्वानाने लिहिला. जाहिलियतच्या काळातील कवींचे कसीदे मुसलमानांनीच गोळा केले आणि 'सबआ मुअल्लकात' आजही मदरशांत शिकवले जातात. त्यात शराब आहे, इश्क आहे, कबिल्यांची घमेंड आहे. तरी कुणी ते जाळले नाहीत, कारण कुरआनची भाषा समजायला तीच भाषा जाणणे जरूर होते. फिरदौसीने १०१० च्या सुमारास 'शाहनामा' पुरा केला, त्यात इस्लामपूर्व इराणचे बादशाह आणि पहिलवान आहेत. ज्यांनी हे जपले त्यांचे ईमान त्यामुळे कमी झाले, असे म्हणण्याची आमची तरी हिंमत नाही.

जपले गेलेले कुठवर पोहोचते, हे आयर्लंडमध्ये दिसते. आयरिश भाषेत ऑगस्ट महिन्याला आजही 'लूनसा' म्हणतात. त्यात लू ही देवता आहे, गॉलमधल्या त्याच लुगुसचे आयरिश रूप. नोव्हेंबरला 'साविन' म्हणतात. साविन हा हिवाळ्याच्या आरंभीचा जुना सण. त्या रात्री टेकड्यांची दारे उघडतात अशी समजूत होती. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अशा देशोधडीला लागलेल्या लोकांबरोबर ती रात्र अमेरिकेला गेली आणि 'हॅलोविन' होऊन साऱ्या जगात पसरली. आता मुंबई-पुण्यातील काही इंग्रजी शाळांतही मुले त्या दिवशी भुतांचे मुखवटे लावतात. लावणाऱ्यांना क्लॉनमॅकनॉइज ठाऊक नसते. १९९९ साली क्लेअर परगण्यात लॅटून येथे नव्या रस्त्याच्या आड एक काटेरी झाड येत होते. ते परीलोकांचे झाड आहे, तोडू नका, असे एडी लेनिहन या कथेकऱ्याने बजावले. झाड राखून रस्ता झाला. इंजिनिअर पऱ्यांवर ईमान ठेवत असतील असे नाही. पण कुऱ्हाड चालली नाही.

एवढे सांगून थांबलो तर आमचा लेख म्हणजे नुसते कौतुक होईल. जपलेल्या कथेचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. पॅट्रिक पिअर्स हे शिक्षक होते. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या. आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, दर शब्दाला तिच्यावर एक खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या मारायच्या, असा प्रकार अनेक ठिकाणी चाले. मुलाची भाषा मारणाऱ्या या शिक्षणाविरुद्ध पिअर्स यांनी कळकळीने लिहिले आणि १९०८ मध्ये डब्लिनजवळ स्वतःची शाळा काढली. तिच्या भिंतीवर त्यांनी कूखुलिनचे चित्र लावले. आयुष्य एका दिवसाचे मिळाले तरी चालेल, नाव मागे उरले पाहिजे, असा त्या वीराचा बाणा मुलांसमोर ठेवला. १९१६ च्या ईस्टरमध्ये पिअर्स यांच्या नेतृत्वाखाली डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत उठाव झाला. त्यांच्या शाळेचे काही माजी विद्यार्थीही त्यात होते. त्या आठवड्यात सुमारे ४८५ माणसे मेली. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होती आणि चाळीस लहान मुले होती. ३ मे १९१६ रोजी पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या टपाल कचेरीत १९३५ पासून कूखुलिनचा पुतळा आहे: खांबाला बांधून घेतलेला, मरणाऱ्या वीराचा.

गुलाम देशाने आपल्या वीराची आठवण काढावी, यात आम्हाला गैर वाटत नाही. आपल्या देशानेही तेच केले. अडचण दुसरी आहे. कूखुलिनची आणखी एक कथा आहे. परदेशात वाढलेला त्याचा कोवळा मुलगा कोन्ला आयर्लंडच्या किनाऱ्यावर येतो. नाव सांगायचे नाही, अशी त्याला बापाचीच ताकीद असते. उर्दू वाचकाला लगेच रुस्तम-सोहराब आठवतील. पण फरक आहे. रुस्तमला ठाऊक नव्हते. कूखुलिनला त्याची बायको एमर आधीच सांगते, की जाऊ नकोस, तो तुझाच मुलगा आहे. तरी अल्स्टरच्या अब्रूसाठी तो जातो आणि मुलाला मारतो. ही कथा शाळेच्या भिंतीवर नव्हती. डब्ल्यू. बी. येट्स या कवीने ती नाटकात आणली आणि १९०४ मध्ये ॲबी थिएटर सुरू झाले ते त्याच नाटकाने. पण भिंतीवर आणि चौथऱ्यावर चढला तो मरणारा कूखुलिन. मुलाला मारणारा नव्हे. येट्स यांनीही अब्रूपायी मरायला बोलावणारे एक नाटक लिहिलेच होते. आपल्या त्या नाटकाने काही तरुणांना मरणाकडे धाडले की काय, या प्रश्नाने त्यांना म्हातारपणी छळले. अखेरच्या काळातील एका कवितेत त्यांनी तो स्वतःलाच विचारला आहे.

पुढे त्याच कूखुलिनला बेलफास्टमध्ये दुसऱ्या बाजूनेही उचलले. अल्स्टर ब्रिटनकडेच राहावे म्हणणाऱ्या हत्यारबंद गटांनी त्याला 'अल्स्टरचा राखणदार' म्हणून भिंतींवर रंगवले. म्हणजे डब्लिनमध्ये जो आयर्लंडचा शहीद, तोच बेलफास्टच्या त्या गल्ल्यांत आयर्लंडविरुद्धचा पहारेकरी. १९९८ च्या करारापर्यंत त्या भांडणात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. दोन्ही बाजूंनी कथा जपली होती. दोन्ही बाजूंनी तिचा नको तो भाग खोडला होता.

तेव्हा आमच्या मते अमानतीत खयानत दोन वाटांनी होते. 'हे आमच्या धर्मात नाही' म्हणून कथा फेकून देणे ही एक वाट. 'हाच आमचा धर्म' म्हणून कथा डोक्यावर घेणे ही दुसरी. पहिल्या वाटेने कथा मरते, दुसऱ्या वाटेने माणसे मरतात. बाराव्या शतकातला तो लेखनिक दोन्ही टाळून चालला. पूर्ण लिहा, काही गाळू नका. आणि तुमचे मत असेल ते खाली, वेगळ्या शाईत, स्वतःच्या नावावर लिहा.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, की मोठ्यांना हे जमेल, मुलांना मजकूर आणि मत यांतला फरक कळत नाही. ते सगळेच खरे धरतील. आक्षेप वजनदार आहे. त्याला आयर्लंडचेच उत्तर आहे. १९३७-३८ मध्ये तेथील लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना एक काम दिले. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणा. विहिरी, दुष्काळ, औषधी पाला, परीलोकांच्या टेकड्या, जुने कारागीर, सगळे काही. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांच्या आसपास मुले, आणि पाने सात लाखांहून अधिक. वर्गात धर्मशिक्षण देणारे शिक्षकच त्या वह्या तपासत होते. लिहून आणलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणी सांगितली, त्याचे वय काय, गाव कोणते, हे लिहायचे असे. ही साधी सवय मुलाला मजकूर आणि मत यांतला फरक शिकवते. 'असे आहे' आणि 'असे अमुक सांगतात' ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत हे त्याला कळते. हदीसच्या इल्ममध्ये रावीचे नाव घेतल्याशिवाय रिवायत पुढे जात नाही. ती शिस्त जगाला दाखवणाऱ्या उम्मतच्या मुलांना हे जड जाऊ नये.

हे आम्ही आज लिहितो, पण वागलो मात्र निराळे. काही वर्षांपूर्वी वर्गात 'माझे गाव' या विषयावर निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले, की वेशीजवळच्या कबरीतले बाबा दर जुमेरातला रात्री सफेद घोड्यावरून गावाला फेरी मारतात. पटकीच्या साथीत सारे गाव उठून माळावर राहायला गेले होते, तेव्हा बाबांनीच लोकांना परत आणले. असे नानी सांगते. आम्ही लाल शाईने तो सगळा परिच्छेद खोडला. बाजूला शेरा लिहिला, की असल्या गोष्टी ईमानच्या विरुद्ध आहेत, लिहू नयेत. पुढच्या निबंधात तिने गाइडमधला उतारा जसाच्या तसा लिहून आणला. आम्ही त्याला दहापैकी आठ गुण दिले.

आयर्लंडच्या त्या वह्यांविषयी वाचले तेव्हा तो परिच्छेद आठवला. घोडा आम्ही आजही मानत नाही. पण साथीत गाव उठून माळावर गेले, ही गोष्ट घोड्याबरोबरच आम्ही खोडली होती. कोणत्या साली? किती दिवस? कोण परतले, कोण माळावरच राहिले? मुलीला बोलावून विचारले. ती म्हणाली, "सर, नानी गुजर गयी. मला तेवढंच आठवतं." आमच्या भागात जात्यावर दळताना बायका दखनी 'चक्कीनामे' म्हणत, सूफींनी दळणाऱ्या बायकांसाठी ते रचले होते. तेही कोण जाणे किती जणींबरोबर गेले.

मुलीला आम्ही नवी वही दिली आणि आठवते तेवढे लिही म्हणालो. तिने दीड पान लिहिले. वर नानीचे नाव लिहिले आणि गावाचे नाव लिहिले. घोडा होता तिथेच ठेवला. आम्ही ते वाचले आणि खाली पेन्सिलने एवढेच लिहिले, की घोड्याविषयी आमचे मत वेगळे आहे, ते तुला वर्गात सांगू. वरच्या मजकुरात एका कान्यामात्रेचीही दुरुस्ती केली नाही.